मागे लावलेलं घड्याळ

कुमासीत, आसाफोच्या चौकात,
मास्टर आंत्वींच्या हाताखाली मी मयतांची पोस्टरं शिकले.
पन्नाशीच्या आत कुणी गेलं तर वर लाल अक्षरांत: केवढा हा आघात!
सत्तरीपुढे: देवाघरचं बोलावणं.
मधल्यांसाठी घरच्यांनाच विचारायचं.

सॉफ्टवेअर केजेटिया बाजारातलं,
भाजलेल्या केळ्यांच्या दोन पुड्यांच्या भावात,
सीडीवर मार्करने लिहिलेलं: चालतं.
चालायचंही. पथ्यं फक्त दोन.
व्हायरसचा पहारा बंद ठेवायचा,
चोराच्या घरी कुत्रं कोण बांधतं?
आणि कॉम्प्युटरला मार्च दोन हजार चौदाच्या पुढे
जाऊ द्यायचं नाही.
एकतीस तारीख आली की मास्टर तिला मानेला धरून
पुन्हा एकवर आणून बसवत
आणि म्हणत, चला, वेळ मारून नेली.

नऊ वर्षं आमच्याकडे मार्च होता.
टायरवाला दांक्वा, शिंपीण अफ्राकोमा,
पुलावरून पडलेला तो शाळकरी पोरगा,
फाइलींच्या तारखा पाहिल्या तर
कुणीच अजून गेलेलं नव्हतं.
एक फाइल होती, नाव नुसतं पोकुआ.
शटर अर्धं ओढल्यावर मास्टर ती उघडत,
काही बदलत नसत.

मग एका गुरुवारी पडदा काळा झाला.
त्यावर परक्या इंग्रजीत लिहिलेलं: डॉलर भरा, फाइली घ्या.
शनिवारी अकरा अंत्यविधी.
दारात लाल-काळ्या कपड्यांतली माणसं,
आणि मास्टर खुर्चीत, स्वतःच्याच पोस्टरसाठी
फोटो काढायला बसल्यासारखे.

मी बहिणीचा जुना लॅपटॉप आणला.
रात्री बारानंतर डेटा स्वस्त मिळतो,
तेव्हा उतरवलं इंकस्केप, त्यामागून स्क्रायबस.
किती पैसे? फुकट.
फुकट म्हणजे चोरीचंच की.
नाही मास्टर, चोरलेलं नाही. वाटलेलं.
त्यांना ते पटलं नाही. मलाही पुरतं कळलं नव्हतं,
कोण कुठली माणसं, कशाला वाटतात.

पेन सापडायलाच तास गेला.
पहिल्या छपाईत लाल रंग विटकरी उतरला.
मास्टर म्हणाले, हा लाल रडत नाही,
हा घर बांधतोय.
पहाटे चारला रंगांचं गणित जमलं
आणि दुसरंच काही हाती लागलं.
आमच्या त्वीत आई या शब्दाचं पहिलं अक्षर
उलट्या तीनसारखं दिसतं.
चोरीच्या फॉंटांत ते नव्हतंच,
म्हणून इतकी वर्षं आम्ही तिथे
सरळ तीनचा आकडा ठोकत आलो.
प्रत्येकाची आई आकड्याने सुरू व्हायची,
कुणी तक्रार केली नाही.
इथे ते अक्षर मुकाट्याने यादीत बसलेलं होतं,
कुणीतरी आमचा विचार करून ठेवल्यासारखं.

अकरापैकी नऊ पोस्टरं वेळेवर गेली.
दोघांचे पैसे परत केले, शिव्या ठेवून घेतल्या.
डॉलर भरले नाहीत.
पुढच्या महिन्यात अक्षरं कापायच्या यंत्रासाठी
मास्टरांनी एक छोटा प्रोग्रॅम मोबाईल मनीने विकत घेतला,
एकदाच भरायचे, एकशे ऐंशी सेडी.
पावती कपाळाला लावली नाही, पण लॅमिनेट केली.

पोकुआची फाइल मात्र गेली ती गेलीच.
रविवारी मास्टर घरच्या भिंतीवरचं पोस्टर काढून घेऊन आले,
उन्हाने निळसर झालेलं, कडेला पाल चिकटून वाळलेली.
आम्ही ते पुन्हा बांधलं, चेहरा, तारखा, मुलांची नावं.
आई या शब्दापाशी ते थांबले,
आकडा खोडला,
ते अक्षर स्वतः शोधून बसवलं.
मग फाइल जपून ठेवली.
खाली तारीख उमटली, आजची,
कुणी न सांगता.
बराच वेळ ते तिच्याकडे पाहत राहिले.

चल, म्हणाले, जेवायला जाऊ.
फार उशीर झाला.